विडा दे

मद्रासला बदली होऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. काम रेल्वेच्या कचेरीत खुर्चीवर बसून करायचं, पण पाय साताऱ्याचे होते. समुद्रकाठच्या रस्त्यावर शहराची सहा मैलांची शर्यत आहे हे कळताच मी नाव दिलं. पहिल्या दहांत येणारच, असं कचेरीत सांगूनही ठेवलं.

पाचव्या मैलाला मी नववा होतो. तेवढ्यात रस्त्याकडेचा एक म्हातारा माझ्याकडे हात करून ओरडला, "विडादे! विडादे!" त्याच्या शेजारचे चौघेही तेच ओरडू लागले. मला तमिळ येत नव्हतं, संताप मात्र येत होता. इथे माणूस धापा टाकतोय आणि यांना पान खायचंय! "आधी पोचू तरी द्या, मग देतो!" मी धावता धावता खेकसलो आणि त्या रागात दोघांना मागे टाकलं.

सातवा आलो. दिलेला शब्द मी मोडत नाही. पानवाल्याकडून सहा विडे बांधून घेतले, तसाच घामेजलेला मागे चालत गेलो आणि पाचही जणांच्या हातावर एकेक ठेवला. ते चक्रावले, पण विडे त्यांनी खाल्ले.

शर्यत बघायला आलेला माझा तंजावरकडचा मराठी सहकारी, मी विडे का वाटले ते ऐकून, हसून हसून बेजार झाला. "अहो, विडादे म्हणजे सोडू नकोस! पळत राहा म्हणत होते ते."

मी सहावा विडा तोंडात टाकला.

"तरी विडाच तो," मी म्हटलं. "नाव दिलं तेव्हाच उचललेला."