चिपचे वाकलेले पाय

घड्याळाच्या दुकानातला, सुटे भाग धुवायच्या पेट्रोलचा वास आला, की मला अजून जळगाव जामोदचे मजीदभाई आठवतात.

तेव्हा मी तिथल्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचो. मोठी गणितं झटपट व्हावीत म्हणून मुंबईहून एक खास चिप मागवली होती. एसटीच्या पार्सलात तिचे दोन पाय वाकले. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या मजीदभाईंनी डोळ्याला भिंग लावलं, श्वास रोखला आणि चिमट्यानं ते नाजूक पाय सरळ केले. "पाहा सर, एकही मोडू देल्ला नाही," ते म्हणाले.

चिप बसवली, पण गणित सुरू होताच कॉम्प्युटर हँग व्हायचा. मी तडक दुकानात जाऊन गिऱ्हाइकांसमोर म्हणालो, "तुमच्या हातानं चिप गेली."

ते रागावले नाहीत. बोटांकडे पाहत म्हणाले, "गेली असन सर. हात कापत असन आता माहा."

दोन महिन्यांनी सहज जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमची फ्लॉपी घातली, तर तीच चिप भराभर गणितं सोडवू लागली. नव्या सिस्टिमचंच तिच्याशी जमत नव्हतं.

सांगायला गेलो, तर दुकानात ना भिंग, ना चिमटे. मजीदभाई नुसते पट्टे विकत होते. "दुरुस्ती सोडली सर. आणखी कोणाचं नुकसान कायले करू?"

याही वेळी गिऱ्हाइकं होती. त्यांच्यासमोर चूक कबूल करायचं सोडून मी एक पट्टा मागितला. त्यांनी माझ्या घड्याळाला तो लावून दिला. बारीक कडी एका झटक्यात बसली. त्यांचा हात जराही थरथरला नाही.