बाबांचा अंगठा कुठल्या कागदावर होता

नागपूरच्या माणसाला बोटींचं एवढं काय वेड, असं इथल्या बेसा भागातले शेजारी मला विचारतात. सोसायटीच्या ग्रुपवर कुणी गोव्याचे फोटो टाकले की मी लगेच खलाशांवर चार ओळी लिहितो आणि लोक वैतागतात. शेवटी नात म्हणाली, "आजोबा, एकदाचं सगळं लिहून द्या, मी ब्लॉगवर चढवते." तर हा माझा मुंबईचा प्रवास, आणीबाणी उठली त्या वर्षीच्या हिवाळ्यातला. तेव्हा मी पस्तिशीत होतो, खापरखेड्याच्या वीज केंद्रात कोळशाच्या विभागात नोकरीला होतो, आणि समुद्र तोवर फक्त कॅलेंडरवर बघितला होता.

आधी बाबांबद्दल सांगायला हवं, कारण जायचं ठरलं ते त्यांच्यामुळे. आम्ही विणकर. हातमागाचं काम बसलं तेव्हा बाबा तरुण होते. गिरणीत काम मिळेल म्हणून मुंबईला गेले आणि गिरणीऐवजी आगबोटीवर पोचले. महायुद्ध सुरू झालं त्यानंतर काही महिन्यांनी ते रिकाम्या हातांनी परत आले, मागावर बसले, गांधीबागेतल्या व्यापाऱ्यांना लुगडी पुरवू लागले आणि बोटीबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. ते बोलत नाहीत म्हटल्यावर भाऊबंदांनी आपापला अर्थ लावला: लढाईला भिऊन पळाला.

त्या वर्षी पुतणीच्या साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, एका काकांनी पाहुण्यांशी ओळख करून दिली, "हे आमचे बंधू, जहाजावरून पळून आलेले." सगळे हसले, बाबाही हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना मात्र त्यांनी मला जवळ बसवलं. आई चुलीजवळ होती.

"पळालो नाही गा मी," ते म्हणाले. "तुरुंगात होतो. परदेशातल्या."

आईच्या हातातला चमचा थांबला. पस्तीसहून जास्त वर्षं संसार करून तीही हे पहिल्यांदाच ऐकत होती. "मंग सांगतलं काहून नाही?" तिने विचारलं.

"बहिणी लग्नाच्या होत्या वं. तुरुंगापेक्षा पळाला म्हटलेलं बरं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "लढाई लागली. समुद्रात सुरुंग पेरलेले, अन् पगार तोच. गोऱ्या खलाशायले वाढवून देल्ला, आमाले नाही. आमी बत्तीस जण होतो. म्हटलं, वाढवून देत नाही तोवर बोट हालवत नाही. कोर्टात नेलं, सजा झाली. सुटायच्या दिवशी एका इंग्रजी कागदावर माझा अंगठा घेतला. मले सही येत होती गा, तिसरी शिकलो होतो, पण खलाशायचा अंगठाच घेत. कोनी वाचून नाही दाखवलं. तो माफीनामा होता म्हनतात. मी माफी मांगतली का नाही, हे मलेच माहीत नाही. तू पाहून ये."

बाबांना खोकला होता, डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली होती. मी त्याच आठवड्यात रजा टाकली.

हावडा-मुंबई मेल दुपारची. दुसऱ्या वर्गाचं आरक्षण चाळीस रुपयांच्या आसपास पडलं. बायकोने सांबारवड्या बांधून दिल्या होत्या, म्हणजे आमच्याकडच्या हिवाळ्यातल्या कोथिंबिरीच्या वड्या. बडनेऱ्यापर्यंत मी सगळ्या डब्याला वाटल्या आणि भुसावळला माझ्यासाठी उरली नाही. सकाळी इगतपुरीला थंडीने दात वाजत होते, तिथला वडा गरम होता एवढंच त्याचं कौतुक. व्ही.टी.ला उतरून मी डोंगरीपर्यंत चालत गेलो. हिवाळ्यात जाणार असाल तर तुम्हीही चाला, अर्धा तास लागतो आणि मुंबई नीट दिसते.

बाबांनी मला दोनच गोष्टी दिल्या होत्या, बोटीचं नाव आणि डोंगरीतल्या एका खोलीचा पत्ता. ही खोली म्हणजे बाणकोटच्या खाडीकाठच्या एका गावाची. कोकणातल्या कितीतरी गावांच्या अशा खोल्या मुंबईत असत. एका बोटीवरून उतरलेला खलाशी दुसरी बोट मिळेपर्यंत गावाच्या खोलीत राही. भिंतीला लागून पत्र्याच्या ट्रंकांची रांग, दोरीवर लुंग्या, मधे एक मोठा स्टोव्ह. तिथे उस्मानचाचा भेटले. बोटीवर टिंडल म्हणजे मुकादम होते, आता निवृत्त होऊन खोली सांभाळत होते. मी बाबांचं नाव सांगितलं तर त्यांनी नकारार्थी मान हलवली. नागपूर म्हटल्यावर मात्र ते उठून उभे राहिले.

"नागपूरवाला? तो कोलशावर होता तो? अरे, त्या तिथं झोपायचा," त्यांनी कोपरा दाखवला. "ट्रंक ठेव. जेवून घे."

भाकरी आणि बांगड्याचं कालवण होतं. आमच्याकडच्या मानाने तिखट नावालाच, पण समुद्राचा ताजा मासा मी आयुष्यात पहिल्यांदा खाल्ला आणि तिसरी भाकरी मागून घेतली. राहण्याचे पैसे चाचांनी घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी बॅलार्ड पियरच्या बाजूला खलाशांच्या नोंदणीचं सरकारी कार्यालय गाठलं. वाटेत कुंपणाच्या फटीतून एक बोट दिसली, आमच्या वीज केंद्राच्या इमारतीएवढी. आमच्याकडे कोळसा पट्ट्यावरून जातो आणि तरी पाळी संपली की माझी पाठ धरते. बाबांनी तोच कोळसा बोटीच्या पोटात फावड्याने ओढला होता, पायाखालची जमीन हलत असताना. मी तिथे बराच वेळ उभा होतो.

रेकॉर्डच्या खोलीत म्हात्रेबाई म्हणून होत्या. कडक इस्त्रीची साडी, त्याहून कडक आवाज. मी अर्ज दिला. त्यांनी आडनावाने शोधलं, मिळालं नाही. बोटीच्या नावाने शोधलं, तर म्हणाल्या की बोटींचे मूळ करार विलायतेला जात. बाबांच्या नळीचा नंबर त्यांनी विचारला. नळी म्हणजे खलाशाचा दाखला. पत्र्याच्या नळीत गुंडाळून ठेवत म्हणून लोक दाखल्यालाच नळी म्हणू लागले. त्यावर खलाशाची उंची, अंगावरची खूण, अंगठा, आणि प्रत्येक सफरीनंतर वर्तणुकीचा शिक्का. शिक्का वाईट पडला की पुढची बोट विसरायची. बाबांची नळी तर तुरुंगानंतर काढूनच घेतली होती.

ब्रिटिशांनी ही व्यवस्था फार बारकाईने बसवली होती, हे मला त्या दोन दिवसांत बाईंकडून कळलं. आपल्या खलाशाशी वेगळा करार, पगार गोऱ्या खलाशाच्या कितीतरी कमी, झोपायला जागा कमी, आणि परदेशातल्या बंदरात काम सोडायची सोय नाही, हिंदुस्थानातच परत येऊन सुटायचं. हुकूम मोडला तर मालक नोटीस देत नसे, सरळ कोर्ट आणि तुरुंग. ऐकताना माझं डोकं तापत होतं. बाई थंडपणे म्हणाल्या, "माझ्यावर नका ओरडू, मी तेव्हा परकर नेसत होते."

कार्यालयातल्या दुसऱ्या दिवशीही काही सापडलं नाही. परतीचं आरक्षण तिसऱ्या दिवसाचं. खोलीवर येऊन मी तोंड पाडून बसलो. चाचांनी कारण विचारलं, मी सांगितलं.

"आडनावाने शोधतोस?" चाचा कपाळाला हात लावून म्हणाले. "आमचा आडनाव कोण लिवत होता? साहेबाला फक्त सारंग ठाऊक. सारंग माणसं जमवायचा, तोच त्यांना बोटीवर न्यायचा, सगळी टोळी त्याच्याच नावावर. सारंगाचा नाव सांग, कागद मिळेल."

"ते मला ठाऊक नाही. बाबा नुसतं सारंग म्हणतात. तुम्ही पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"तू विचारलास कधी? हसन सारंग. आमच्याच गावचा." ते थोडं थांबले. "माझा मोठा भाई पण होता त्या टोळीत. तुरुंगातून आला आणि परत दर्यावर गेला नाय. सुटायच्या वक्ताला त्याचा पण अंगठा घेतला होता. बोलायचा, बाकीच्यांनी माफी मागितली, माझी पण मागून घेतली असेल. मेला तोवर तेच बोलत होता."

तुमच्या घरात कुणी आगबोटीवर होतं आणि तुम्हाला शोध घ्यायचा असेल, तर हे लक्षात ठेवा: आधी सारंगाचं नाव आणि त्याचं गाव काढा. माझ्यासारखे दोन दिवस घालवू नका.

तिसऱ्या दिवशी दार उघडायच्या आधीच मी कार्यालयाच्या पायरीवर होतो. हसन सारंग म्हटल्यावर म्हात्रेबाईंनी अर्ध्या तासात धुळीने माखलेली फाईल आणली. बाबा सापडले. फक्त नाव, वडिलांचं नाव, नागपूर, डाव्या भुवईवर व्रण. मी त्या व्रणाकडे जन्मभर बघत आलो होतो, आणि तो इथे इंग्रजीत लिहिलेला होता. माझे डोळे भरून आले, बाईंनी पाण्याचा ग्लास सरकवला.

मग बोटीच्या रोजनिशीची नक्कल निघाली. कायदाच असा होता की गुन्ह्याची नोंद खलाशाला वाचून दाखवायची आणि त्यावर तो काय म्हणाला तेही लिहायचं. कप्तानाने एकेकाला बोलावलं होतं, सारंगाने भाषांतर केलं होतं. नावापुढे नाव, आणि त्यापुढे तेच: काही म्हणणं नाही. बाबांच्या नावापुढे मात्र एक ओळ जास्त होती. म्हात्रेबाईंनी ती मला मराठीत सांगितली: "खलाशी म्हणतो, एकट्याला विचारू नका, सगळ्यांना एकत्र विचारा."

सत्तावीस वर्षांचा नागपूरचा विणकर, समोर गोरा कप्तान, पुढे तुरुंग. आणि उत्तर हे! मला त्या खोलीत जोरात ओरडून सांगावंसं वाटलं की हा माझा बाप आहे. बहुतेक थोडं ओरडलोही, कारण पलीकडच्या टेबलावरचे दोन कारकून उठून बघायला आले.

पण ज्यासाठी गेलो होतो तो अंगठा शेवटच्या पानावर होता. बाईंनी चष्मा पुसला, पान वरपासून खालपर्यंत वाचलं, पुन्हा एकदा वाचलं.

"माफीनामा नाही हो हा," त्या म्हणाल्या. "पोच आहे. तुरुंगातून सुटताना आपापल्या वस्तू परत मिळाल्याची. तुमच्या वडिलांना एक घोंगडी, एक सदरा आणि एक पितळी पेला मिळाला."

"आणि बाकीचे?"

"बत्तीसच्या बत्तीस अंगठे याच पानावर आहेत. फाईलमध्ये माफी कुणाचीच नाही. उलट शेवटी शेरा आहे, एकानेही माफी मागितली नाही, म्हणून सगळ्यांच्या नळ्या रद्द."

माझा जीव भांड्यात पडला. बत्तीस माणसं एकमेकांवर संशय घेत आपापल्या गावी गेली होती, आणि एकानेही मान खाली घातली नव्हती. कागदांची नक्कल द्यायचा नियम नव्हता. मी बाबांची ओळ आणि तो शेरा वहीत उतरवून घेतला, बाईंनी इंग्रजी तपासून दिलं. खोलीवर जाऊन चाचांना त्यांच्या भावाचं सांगितलं. ते उठले. माझी ट्रंक स्वतः उचलून थेट व्ही.टी.पर्यंत आले, मला हात लावू दिला नाही.

घरी पोचलो तेव्हा बाबा अंगणात उन्हाला बसले होते. मी वही काढून वाचलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, मग पुन्हा वाचायला लावलं. "लिवलं त्यानं? खरंच लिवून ठेवलं?" ते हसले. साक्षगंधातलं हसू वेगळं होतं, हे मला तेव्हा समजलं. कोणीच माफी मागितली नव्हती, हे ऐकल्यावर त्यांनी वही हातात घेऊन पुढचं पान उलटून पाहिलं.

"बाकीच्यायची नावं आन," मग म्हणाले.

मी म्हटलं, मी फक्त आपलंच उतरवलं.

"एकट्याचं काहून आनलं गा? मी काय सांगतलं होतं त्या कप्तानाले?" बाबा खरोखर चिडले. त्या दिवशी माझ्या हातचा चहासुद्धा घेतला नाही.

तेव्हा हा प्रवास मी दोनदा केला. फेब्रुवारीत पुन्हा तीच मेल, तीच खोली, आणि मला बघून कपाळावर आठी घालणाऱ्या म्हात्रेबाई. बत्तीस नावं, बापाच्या नावासकट, गावासकट उतरवली. मुंबईत लोक काय काय बघतात. मी दोन खेपांत चौपाटीवर गेलो नाही, राणीची बाग बघितली नाही, आणि त्याची मला आजवर हळहळ वाटलेली नाही. माझ्या बापाने इंग्रजांच्या राज्यात, इंग्रजांच्याच बोटीवर नाही म्हटलं होतं. ते मी इंग्रजांच्याच कागदावर बघून आलो. पुढे काकांनाही घरी बोलावून वाचून दाखवलं, आणि पळून आल्याची भाषा आमच्या घराण्यात कायमची बंद झाली.

पण त्याआधी ती नावं बाबांसमोर वाचली, तो दिवस सांगतो. बाबा खाटेवर ताठ बसले. बोटीवर हजेरी घेत तशी घे, म्हणाले. मी पहिलं नाव घेतलं, हसन सारंग. बाबा म्हणाले, "हाजर." दुसरं नाव, "हाजर." बाणकोटचे, दापोलीचे, रत्नागिरीचे, एकेका नावाला बाबांनी उत्तर दिलं. उस्मानचाचांच्या भावाच्या नावाला जरा थांबले, मग मोठ्याने म्हणाले. कोळसेवाले यादीत सगळ्यात खाली असत, त्यामुळे बाबांचं नाव शेवटचं. मी ते घेतलं आणि बाबांचा आवाज फुटेना. मी नाव पुन्हा घेतलं.

तांदूळ निवडत बसलेल्या आईने सूप खाली ठेवलं आणि डोक्यावरचा पदर नीट केला.

"हाजर हाये," ती म्हणाली.