अण्णांचा अंदाज

आमच्या साखर कारखान्याच्या कॉलनीत बारावी सायन्सचं पोर कुणाचंही असो, त्याला मेडिकलला प्रवेश मिळणार की नाही, हे माझे वडील सांगायचे. अण्णा शिक्षक नव्हते की प्राध्यापक नव्हते. कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते. तरी रविवारी सकाळी कोपरगावपासून राहात्यापर्यंतचे लोक पोरांना घेऊन आमच्या ओट्यावर येऊन बसायचे आणि आई आतून म्हणायची, "आले. भाजा आता लष्कराच्या भाकऱ्या."

अण्णांनी ही पद्धत उसावरून घेतली होती. तोडणीआधी ऊस पिकलाय का, हे बघायला ते शेतात जायचे तेव्हा शेतकरी हमखास बांधाकडेचा ऊस पुढे करायचा. बांधाकडेच्या उसाला ऊन-वारा जास्त मिळतो, तो आधी गोड होतो. अण्णा त्याच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. पाचटात अंग खरचटत आत शिरायचे, मधलेच चार ऊस मोडायचे आणि डोळ्याला नळी लावून त्या रसातली साखर बघायचे. पोरांनाही तोच न्याय. "कुठला धडा चांगला झालाय रे?" असं मायेनं विचारायचे. पोरगं खुलायचं, भडाभडा सांगायचं. मग अण्णा नेमका तो धडा सोडून बाकीचं विचारायचे. तासाभरात बिचाऱ्याचा चेहरा उतरलेला असायचा.

तेव्हा मेडिकलसाठी वेगळी प्रवेश परीक्षा नव्हती. बारावीच्या मार्कांवरच सगळा खेळ, आणि सरकारी कॉलेजातल्या जागा म्हणजे हजारात एखाद्याच्या नशिबात. एकदा कारखान्याचे एक संचालक जीप घेऊन मुलासकट आले. "सायेब, व्हईल ना आमच्या पोराचं? लई अभ्यास करतोय." अण्णांनी मुलाला तपासलं आणि वडिलांच्या तोंडावर सांगितलं, "नाही लागायचा नंबर. शेतकी कॉलेजला घाला, तिथं चमकेल." आई चहाच्या कपबशा घेऊन दारातूनच मागे फिरली. आता अण्णांची नोकरी जाते, असंच सगळ्यांना वाटलं. पण झालं अण्णांनी सांगितलं तसंच, आणि त्याच संचालकांनी शेतकीच्या प्रवेशाचे पेढे आमच्याकडे आणून दिले. तेव्हापासून अण्णांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ झाली.

मग मी बारावीला गेले.

"तुला काय बाई, घरातच मशीन हाय!" असं जो तो म्हणायचा. मशीन माझ्यापुरतं बंद होतं. अण्णा मला एकही प्रश्न विचारत नव्हते. ओट्यावर परक्या पोरांना विचारलेले प्रश्न मी आतून ऐकायची, मनातल्या मनात उत्तरं द्यायची, आणि निम्म्याहून जास्त चुकायची. इकडे पुणतांब्याच्या आत्यानं माझा दवाखाना गावात कुठे काढायचा, तेही ठरवून टाकलं होतं. कॉलनीतल्या बायका मला आत्ताच पाठदुखी सांगायच्या. मी हसायची. आत जीव घुसमटायचा.

खरं सांगायचं तर मला झाडांची आवड होती, आजाऱ्यांची नाही. वनस्पतिशास्त्र घेऊन कोपरगावात बीएस्सी करावं, एवढंच माझं मागणं होतं. पण हे बोलायचं कुणाजवळ? आई नातेवाइकांना सांगून बसलेली, आणि मी नको म्हटलं असतं तर ते लाड ठरले असते. मला सोडवू शकेल असा एकच शब्द होता, अण्णांचा 'नाही'. त्यांनी नाही म्हटलं की आत्या, आई, कॉलनी, कुणाचंच काही चालणार नव्हतं. संचालकाला ऐकावं लागलं, तिथे यांचं काय!

म्हणून परीक्षेच्या आधी एका दुपारी मीच त्यांच्यासमोर जाऊन बसले. "अण्णा, मला तपासा."

ते पेपर वाचत होते. घडी घालायला त्यांनी उगाचच वेळ लावला. मग विचारलं, "कुठला धडा चांगला झालाय?"

"वनस्पतींचा," मी म्हणाले, आणि आता फिजिक्स येणार म्हणून मनातून खूश झाले. फिजिक्समध्ये मी सपशेल आडवी होणार होते.

त्यांनी वनस्पतींवर प्रश्न विचारला. मग दुसरा, तोही वनस्पतींवरच. मुळं, पानं, खोड. मी धडाधड उत्तरं देत गेले आणि देता देता माझ्या लक्षात यायला लागलं. जन्मभर ज्या माणसानं बांधाकडेच्या उसाला हात लावला नाही, तो आज बांधावरून पुढे सरकतच नव्हता.

"लागेल नंबर," अण्णा म्हणाले. माझ्याकडे न बघता.

म्हणजे माझा नंबर लागायचा नाही, हे त्यांना माहीत होतं. 'नाही' म्हणायचा धीर त्यांना फक्त दुसऱ्यांच्या पोरांपुरता होता. मी काही बोलायच्या आत आईनं दारातून ऐकलं होतं, आणि संध्याकाळपर्यंत कॉलनीभर झालं. अण्णांनी सांगितलंय म्हटल्यावर आता शंका कसली?

निकाल लागला. मार्क वाईट नव्हते, पण मेडिकलच्या यादीच्या जवळपासही नव्हते. शेजारपाजारचे ओट्यावर जमले. मी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभी होते. कुणीतरी म्हणालं, "पोरीनं ऐन टायमाला कच खाल्ली वाटतं." तेव्हा अण्णांचा आवाज आला, "पोरीची काही चूक नाही. माझाच अंदाज चुकला."

मला इतका राग आयुष्यात कधी आला नसेल. अंदाज चुकला नव्हता! बाहेर जाऊन ओरडावंसं वाटलं, की यांना सगळं माहीत होतं. पण तसं म्हटलं असतं तर चुकलेला माणूस खोटा ठरला असता, तोही भर कॉलनीत, तोही माझ्यासाठी. इकडे आड, तिकडे विहीर. मी फडताळातले डबे उगाच पुसत राहिले.

त्यानंतर ओट्यावर कुणी पोर घेऊन आलं नाही. रविवारी अण्णा एकटेच बसायचे, रस्त्यावरून कुणी गेलं तर मान वर करायचे. बीएस्सीचा विषय काढायचा म्हणून मी रोज शब्द जुळवत होते. अशाच एका सकाळी आई माझ्याजवळ येऊन बसली, ओट्याकडे बघत हळूच म्हणाली, "पुन्हा बस बारावीला. त्यांचा शब्द खरा करून दाखव."

मी हो म्हणाले.