काठ चेपलेला टोप

मळ्यानं यंदा किती दिलं असं कुणी विचारलं तर मी किलो सांगत नाही. स्वयंपाकघरातली वरची फळी दाखवते. पावसाळ्यात ती फळी दुसऱ्यांच्या भांड्यांनी भरते, कारण तेव्हा आपल्याकडे द्यायला काही नसतं आणि लोक काही ना काही धाडतच असतात. कुणाचा डबा, कुणाची वाटी, कुणाचं पातेलं. भांडं रिकामं परत करायचं नाही, हा इथला कायदा. भात कापून झालं की त्याच जमिनीत भाजी लावायची, आणि भाजी यायला लागली की एकेक भांडं भरून ज्याच्या त्याच्या घरी पोचवायचं. फाल्गुनात फळी मोकळी झाली तर मळा पिकला. अर्धीच मोकळी झाली तर अर्धाच पिकला. हा हिशेब मला शेजारच्या काकींनी शिकवला, आणि तो अजून कधी चुकलेला नाही.

मी मूळची सुर्ल्याची. आमच्या घरासमोरून खाणीचे ट्रक जायचे आणि परसातल्या पानांवर धुळीचा असा थर बसायचा की पालेभाजी चार पाण्यांतून काढली तरी दाताखाली करकर. ‘आमच्याकडे सगळ्याच भाज्या तांबड्या’ असं आई म्हणायची. त्यामुळे कोरगावात लग्न होऊन आले आणि मागच्या दारी हिरवागार मळा बघितला, तेव्हा मला नवऱ्यापेक्षा मळाच जास्त आवडला. हे मी त्यांना तोंडावर सांगितलेलं आहे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. घरात सासरे, निवृत्त मास्तर, आणि तुयेच्या कारखान्यात पाळीला जाणारे आमचे हे. मग दिवसभर बोलायचं कुणाशी? काकींशी. त्यांचा मळा आमच्या मळ्याला लागून, मध्ये नुसती पायवाट, आणि पायवाटेच्या टोकाला त्यांची विहीर. तिचं पाणी दोन्ही मळ्यांना. वाफा कसा ओढायचा, चवळीला काठी कधी द्यायची, मुळा कधी उपटायचा, सगळं त्यांनी शिकवलं. आईला पत्रात लिहिता यायचं नाही ते मी काकींना सांगायची.

त्या वर्षी दिवाळीला आम्ही कडीच्या डब्यातून त्यांच्याकडे फोव, दिवाळीचे पोहे, धाडले होते. भात कापून झालं तशा काकी घाईघाईत बी घेऊन आल्या. सात शिरांच्या भेंडीचं बी, त्यांच्या माहेरून आलेलं. आणलं होतं काठ चेपलेल्या एका टोपात. “तुमचो डबो मागाहून भरून धाडतंय,” म्हणाल्या, “ह्या आधी पेर.” असा आमचा डबा त्यांच्याकडे राहिला आणि त्यांचा टोप आमच्या फळीवर.

त्याच थंडीत भाषेचा वाद पेटला. गोव्याचं राज्य व्हायचं होतं, आणि राज्याची भाषा मराठी की कोकणी यावरून घराघरांत तट पडले. आमचे सासरे मराठीचे. काका, म्हणजे काकींचे यजमान, पोस्टातून निवृत्त झालेले, ते कोकणीचे. तोवर दोघांत मिळून एकच मराठी पेपर यायचा. रोज संध्याकाळी काका आमच्या बल्कांवावर, दारापुढच्या बाकावर, येऊन बसायचे आणि खड्या आवाजात पेपर वाचायचे. सासरे डोळे मिटून ऐकायचे.

आता गंमत बघा. भांडण झालं ते दोघांच्या एकाच बोलीत, कोरगावच्या. सासरे मराठीची बाजू मांडत होते ती कोकणीतून, आणि काका कोकणीची बाजू मांडत होते ती मराठी पेपरातले उतारे वाचून. मी चहा घेऊन दारात उभी होते, हसू दाबत. तेवढ्यात सासऱ्यांचा तोल गेला.

“तू जल्मभर लोकांची पत्रां वाटलंस, वाचलंस खंय?”

माझं हसू जागच्या जागी विरलं. काकांनी पेपराची घडी घातली, चष्मा काढून खिशात ठेवला आणि चहा न घेता उठले. शब्द तोंडातून पडला तेव्हाच सासऱ्यांना कळलं होतं, चेहऱ्यावरून दिसत होतं. पण मास्तर माणूस. उभा जन्म दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेलेला, स्वतःची कबूल करायची सवय कुठली असणार.

काकांनी आठवड्याच्या आत ट्रकभर चिरे आणवले. दोन मळ्यांच्या मध्ये गडगा, चिऱ्यांची भिंत, घालायचा. पायवाट बंद, विहीर बंद, तुमच्याकडे नळ आहेच. असा निरोप आला. रागाच्या भरात त्यांनी चिरे उतरवून घेतले ते नेमके काकींच्या भेंडीच्या वाफ्यावर. गुडघ्याएवढी रोपं झाली होती, सगळी चिऱ्यांखाली गेली. वड्याचं तेल वांग्यावर म्हणतात, इथे ते भेंडीवर निघालं. गडगा मात्र लगेच सुरू झाला नाही. गवंडी बेळगावकडचे, तुयेला कारखान्याच्या बांधकामावर होते. ते शिगम्यानंतर, होळीचे दिवस सरल्यावर, मोकळे होणार होते.

म्हणजे माझ्याकडे शिगम्यापर्यंतचा वेळ होता. गडगा झाला की काकी मला मिळणार नव्हत्या. रस्त्यानं वळसा घालून, पुढच्या दारानं, नवऱ्याच्या देखत त्या आमच्याकडे कधीच आल्या नसत्या. मी चांगली तोंडाळ बाई आहे, पण त्या दिवसांत वाफ्यात बसून डोळे पुसत असायची.

विहिरीवर आम्ही भेटायचो. नवऱ्याच्या शब्दाबाहेर जायचं नाही हे काकींचं ठरलेलं, पण त्यांनी त्यातून वाट काढली. त्या माझ्याशी बोलायच्या नाहीत, बाल्दीशी बोलायच्या. पाण्यात बघत म्हणायच्या, “भेंडी फुलावर इली मगे?” मी माझ्या बाल्दीला सांगायची, “आली. पण खालची पानं पिवळी पडतायत.” मग त्यांची बाल्दी म्हणायची, “पाणी कमी कर.” हसू यायचं आणि रडूही.

इकडे मळा भरात आला. आधी तांबडी भाजी, मग मुळे, मग चवळीच्या शेंगा, मग वांगी. फळीवरचं एकेक भांडं भरून बाहेर पडायला लागलं. मी दर खेपेला काकींचा टोप खाली काढायची, आणि दर खेपेला सासरे म्हणायचे, “आधी आपलो डबो येवंदे.” तिकडे काका हेच म्हणत असणार, आधी आपला टोप येऊ दे. दोघेही शहाणे. टोप परत वर. होता होता सगळी फळी मोकळी झाली आणि तो एकटा चेपलेला टोप उरला. कुणी आलं की नजर तिकडेच जायची.

भेंडी यायला लागली तशी मी रोज संध्याकाळी वाफ्यातून फिरायची. ही उद्या काढायची, ही परवा, ही जून होऊ द्यायची बियाला, तिला चिंधी बांधायची. चिंधी बांधलेल्याला कुणी हात लावायचा नाही. आणि सकाळी बघते तर काढायच्या भेंड्यांतल्या मूठभर गायब. एक दिवस नाही, रोज. उंदीर कुरतडतो, माकड फांदी मोडतं. इथे देठ नीट कापलेला. मला असा राग आला की मी ह्यांना म्हटलं, चोर सापडला की त्याला याच वाफ्यात पेरते. हे म्हणाले, “पेर, पण डोळे उघडे ठेवून.” आणि कूस बदलून झोपले.

मग एका दुपारी काकींची बाल्दी बोलली. “आमची बांय हल्ली भेंडी दिता. रोज सकाळी काठार. केळीच्या पानात.”

बांय म्हणजे विहीर. मी दोर धरून तशीच उभी राहिले. परतताना आमच्या केळींकडे बघितलं. खालच्या पानांच्या पट्ट्याच्या पट्ट्या फाडलेल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी उठून मी मागच्या जनेलाशी, खिडकीच्या आड, उभी राहिले. सासरे बाहेर आले. धोतर खोचलेलं, हातात माझीच सुरी. वाकून वाकून भेंडी कापली, चिंधीवाल्या सोडून. पानात गुंडाळली, केळीच्याच सोलपटाच्या दोरीनं बांधली आणि विहिरीच्या काठावर ठेवून अशा घाईनं परतले की चप्पल चिखलात राहिली. थोड्या वेळानं पलीकडून काका आले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, पुडी उचलली, पंच्याखाली घातली आणि गेले.

चहाच्या वेळी मी विषय काढला. “बाबा, भेंडी कमी येतायत.”

“उंदीर.”

“केळीच्या पानात बांधून नेणारा?”

सासऱ्यांनी चहा खाली ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “पान परत येवचा नसता गो. टोप भरून धाडलो, आणि थंयसून आपलो डबो इलोच नाय तर?”

इतके दिवस मला वाटत होतं हा म्हाताऱ्याचा ताठा आहे. ती भीती होती. टोप फळीवर होता तोवर काकांशी काहीतरी शिल्लक आहे असं त्यांना वाटत होतं. मी त्यांच्या पुढ्यात आणखी एक पावाचा उंडा ठेवला आणि भांडी घासायला गेले.

शिगमा झाला. गवंडी आले. पाया खणला, पहिला थर लागला, दुसरा लागला. गडगा गुडघ्याच्या वर आला. विहिरीकडची वाट अजून उघडी होती, ती शेवटी बंद करायची होती. मळाही संपत आला होता. भेंडीची झाडं उंच नुसती, फुलं थांबलेली. विहिरीच्या काठावर सकाळी काही दिसेनासं झालं. सासरे रोज वाफ्यात जाऊन रिकाम्या हातानं परत येत. झाडांवर उरल्या होत्या फक्त माझ्या चिंधीवाल्या, वाळून तडकायला आलेल्या.

उद्या वाट बंद, असं गवंड्याकडून कळलं, आणि माझं डोकं फिरलं. दोन म्हातारे एकमेकांची वाट बघत मरतील आणि मी आयुष्यभर बाल्दीशी बोलत बसेन. पहाटे उठले, सगळ्या वाळक्या भेंड्या काढल्या. एकही ठेवली नाही. काकींचा वाफा चिऱ्यांखाली गेलेला, त्यांच्या घरात त्या बियाचा दाणा नव्हता. त्यांच्या माहेरचं बी जे काही होतं ते माझ्या ओच्यात. डबा परत नाही आला तर पुढच्या वर्षी माझ्याकडेही भेंडी नाही. फळीवरचा टोप काढला, तो भरला आणि विहिरीच्या काठावर नेऊन ठेवला.

काका आले. टोप बघून थांबले. चेपलेल्या काठावरून त्यांनी बोट फिरवलं. आमच्या घराकडे मान वर करून बघितलंसुद्धा नाही. टोप उचलून गेले.

सासरे चहाला आले आणि त्यांची नजर फळीवर गेली. “टोप खंय?”

“गेला.”

“भरून?”

“भरून.”

त्यांनी मान हलवली. रागावतील म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं, ते तसंच राहिलं. दिवसभर पलीकडून काही आलं नाही. काकी पाण्यालाही आल्या नाहीत. गवंडी ठोकत होता आणि प्रत्येक ठोक्याला मला वाटत होतं, मी काय करून बसले. संध्याकाळी सासरे बल्कांवावर पेपर घेऊन बसले. पान उलटत नव्हते. मी दिवा लावायचं निमित्त करून दारात उभी.

गवंडी थापी धूत होता. काका आले ते गडग्यापाशी, पाय वर घेऊन तो ओलांडला, आणि वळून गवंड्याला म्हणाले, “ऱ्हवंदे. इतको पुरो.” मग मळ्यातून, घराला वळसा घालून, बल्कांवावर आले. हातात आमचा कडीचा डबा. तो त्यांनी माझ्याकडे दिला. जड होता. आत ओले बिबे, काजूचे, सोललेले. ओल्या काजूचा चीक कातडी सोलून काढतो, आणि तेवढे सोलायला पुरा दिवस जातो. सर्वांत वर माझीच चिंधी, तिच्यात बांधलेलं अर्धं बी.

“हात काळे केल्यान,” काका म्हणाले, “सकाळसून सोलता.” मग सासऱ्यांकडे वळले. “आणि तू पानां फाडून फाडून केळ बोडकी केलंस मास्तर.”

सासऱ्यांनी बाकावर सरकून जागा केली. काका बसले. दोघेही समोर बघत होते. सासऱ्यांचे ओठ हलले, पण माफी मागायचा शब्द त्यांना काही जमला नाही. त्यांनी पेपराची नीट घडी घातली आणि दोन्ही हातांनी काकांपुढे धरली.

“वाच रे,” म्हणाले. “तू वाचूक नाय तर माका कळना नाय.”

काकांनी खिशातून चष्मा काढला, पंच्याला पुसला. मी मागच्या दारी आले तेव्हा काकी गडग्यावर येऊन बसल्या होत्या, काळी बोटं पदरात धरून. मी त्यांच्या शेजारी बसले. बाल्दी नव्हती, तर आधी काय बोलावं तेच सुचेना. पुढून काकांचा आवाज आला. वार, तिथी, सूर्योदय, सूर्यास्त. एक ओळ न गाळता ते पहिल्यापासून वाचत होते.