अक्कांच्या वाटेतलं स्टूल

हे मी कुणाजवळच बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, मुलींजवळ तर नाहीच. तुम्हाला सांगते — तुम्ही अक्कांना पाहिलेलं नाही, म्हणून जमेल.

अक्का माझ्या थोरल्या नणंद. लहानपणी देवी आल्या, त्यात दोन्ही डोळे गेले. हुबळीत कोप्पीकर रोडला आमचं भांड्यांचं दुकान, मागच्या गल्लीत घर. मी दुपारभर दुकानात बसायची ती अक्कांच्या जिवावर — माझ्या दोन्ही मुली त्यांच्याच मांडीवर वाढल्या. पण आम्हीच अक्कांना सांभाळतो, असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायची.

नव्वदच्या दशकाचा शेवट असेल. अपंगांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या शांताबाई घरी येऊ लागल्या. अक्कांच्या हाती पांढरी काठी देऊन त्यांना बसस्टॉपपर्यंत चालवायच्या, गॅस पेटवायला शिकवायच्या. धारवाडात, मळमड्डीला, संस्थेनं एक घर भाड्यानं घेतलं होतं. अक्का धरून अशा तिघी तिथं आपापल्या राहणार, शांताबाई अधूनमधून येऊन बघणार. अक्का काम करता करता गुणगुणायला लागल्या. इतक्या वर्षांत मी ते कधी ऐकलं नव्हतं. आणि मला — काय सांगू — ते सहन होईना. या गेल्या तर दुकानाचं काय? मुलींचं काय?

शांताबाईंनी माझ्याकडे एकच मागितलं होतं. "वैनी, वस्तू जागच्या जागी राहू द्या. तेवढं झालं की यांना कुणाची गरज नाही."

मला कळलं, काय करायचं ते.

आधी मिठाचा डबा, साखरेच्या जागी. मग काडेपेटी. अक्का चाचपडू लागल्या की मी हळूच परत ठेवायची आणि म्हणायची, हे काय, इथंच तर आहे. त्या ओशाळायच्या. प्रत्येक डबा उघडून चाखून बघायला लागल्या, ते मला दिसत होतं. मी थांबले का? नाही.

मग एका सकाळी स्टूल. ओट्यापासून दोन पावलांवर, जिथं कधीच काही नसायचं तिथं. अक्कांनी उकळत्या पाण्याचं पातेलं सांडशीनं उचललं, वळल्या. मी दारातच उभी होते. 'अक्का, थांबा' — एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही.

हात कोपरापर्यंत भाजला. इतकं व्हावं असं मला वाटत नव्हतं, असं म्हणता येईल. पण मग स्टूल तिथं कशासाठी ठेवलं होतं?

शांताबाई आल्या तेव्हा अक्का एवढंच म्हणाल्या, "ब्याडरी." नको. मला जमायचं नाही. शांताबाईंनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं, आणि निघून गेल्या. मळमड्डीच्या घरात दोघीच राहायला गेल्या.

पुढे पट्टी बदलताना अक्कांनी विचारलं, "सुमन, घरात वस्तू कुणी हलवत नाही ना गं?"

"नाही हो, अक्का."

"मग माझंच डोकं ठिकाणावर नाही," त्या म्हणाल्या. शांतपणे.

त्यानंतर त्या बरीच वर्षं जगल्या. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही. मोरीपर्यंत जायचं तरी मला हाक मारायच्या, आणि मी हात द्यायची. शेजारणी म्हणायच्या, नणंदेचं इतकं कोण करतं हल्ली? मी खाली बघून हसायची.