नवमीच्या दिवशी मोजलेली खाडी

खाडीकडे मी आजही पाठ करून उभी राहत नाही. रेवसच्या अलीकडे, खाडीकाठच्या एका गावात मी शाळेवर होते. माझं माहेर घाटावरचं. पाणी म्हणजे विहीर, फार तर धरण, आणि ते जिथे असतं तिथेच असतं, असा माझा पक्का समज. त्यात अंगात शिकवण्याची खुमखुमी.

छापील नकाशे रंगवून पोरं कंटाळली होती आणि त्यांच्याहून जास्त मी. मग ठरवलं, गावाचा नकाशा आपणच पावलांनी मोजून काढायचा. शाळा ते देऊळ, देऊळ ते खाडीचा बांध. प्रत्येकाचं पाऊल किती लांब पडतं ते आधी व्हरांड्यात पट्टीने मोजून घेतलं. एक नियम मी घालून दिला होता आणि त्याचा मला अभिमानही होता. मोजताना थांबायचं नाही. कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही, मागे बघायचं नाही, नुसता हात वर करायचा. आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून. पोरांनी तो इतका मनावर घेतला की रस्त्यात आईने हाक मारली तरी हात वर करून पुढे निघून जायची.

खाडी तेवढी राहिली होती. ओहोटीला बांधापुढची घळ उतरून गेलं की वाळूचा लांब पट्टा उघडा पडतो. त्याच्या टोकाला होड्या बांधायचा खांब आहे, तिथवर मोजायचं होतं. बायका शिंपल्या वेचायला त्याच पट्ट्यावर जातात. चौथीतल्या एका मुलीची आई त्यांतलीच. एकादशीला दुपारी अडीचला जा, असं तिने सांगून ठेवलं होतं. पण नेमके एकादशीलाच साहेब शाळा बघायला येणार असं कळलं. भिंतीवर अर्धवट नकाशा कसा लावायचा? मी मोजणी दोन दिवस अलीकडे ओढली. वेळ तीच ठेवली.

निघताना ती मुलगी म्हणाली, "बाई, आज नवमी हाय."

"असू दे. नवमीची सुट्टी नसते," मी म्हणाले. सगळी हसली. तीही हसली.

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. हे त्या गावात शाळेचं तोंड न पाहिलेल्यालाही पाठ असतं. दोन तिथी अलीकडे म्हणजे पाणीही दीड तास आधी, एक वाजताच फिरणार. तिला वाटलं असेल, बाईंना ठाऊकच आहे.

तिचं पाऊल सगळ्यांत नेमकं, म्हणून खांबापर्यंत मी तिलाच पाठवलं. बाकीचे आम्ही बांधावर. ती घळ उतरली, पट्ट्यावर चढली, लांब लांब गेली. मी वहीत रेघा मारत होते. मान वर केली तेव्हा घळीतल्या चिखलावर पाणी चमकत होतं. ना लाट, ना आवाज. पाणी तिच्या मागून येत होतं.

मी हाक मारली. तिने हात वर केला.

मी ओरडले. सगळी पोरं ओरडली. तिचा हात वरच राहिला आणि पावलं पुढेच पडत राहिली. मला पोहता येत नाही. तरी घळीत उतरले, तर चिखलाने गुडघ्यापर्यंत धरलं आणि पोरांनीच मला ओढून वर काढलं. दोघी मुली तिच्या आईला आणायला धावल्या. त्या येईपर्यंतचा वेळ मी कसा काढला ते मला सांगता येणार नाही. मनात एकच होतं, या पोरीला मी मारलं.

आई आली. माझ्याकडे तिने बघितलंही नाही. सरळ न उतरता बांधावरून लांब वळसा घालून ती टणक तळ होता तिथून पाण्यात शिरली. परत आली तेव्हा पाणी तिच्या छातीला लागत होतं आणि पोरगी खांद्यावर होती.

पदर पिळत ती एवढंच म्हणाली, "भांगाचं पानी, आठमी-नवमीचं, त्याला जोर न्हाय. उधानाचं असतं तर..." चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी भिंतीवरच्या नकाशापुढे उभी होती. बांध ते खांब एवढीच जागा कोरी होती. आकडा का लिहिला नाही, असं तिने विचारलं. मी म्हणाले, कालची मोजणी धरायची नाही. तिचं तोंड एवढंसं झालं.

"पन बाई, मी थांबली न्हाय. तुमची हाक आयकली. बाजूनं पानी येताना बी दिसलं. हात वर केला आनि मोजत गेली."