उतरलेलं पाणी

माझ्या मित्राची मुलगी गेल्या महिन्यात सिरसाळ्याला आली आणि बाजेवर बसता बसताच म्हणाली, "काका, कोकणात फोटो काढायला चाललेय. तुम्ही पण यायचं."

ती बीडला शाळेत शिकवते. हल्ली तिला कॅमेऱ्याचा नाद लागला आहे. सुट्टीत बालाघाटाच्या डोंगरात हिंडते, उघडे माळ, कोरडे ओढे टिपते. आता तिला समुद्र हवा होता, आणि तोही वाळूचा नाही, कातळाचा, लाटा फुटतात तसला. गावही तिनं ठरवलेलं होतं. तिचे वडील जिथं वारले तेच गाव.

तिनं सगळी तयारी केली होती. मुक्काम कुठं, उजेड किती वाजता मऊ होतो, कॅमेऱ्याची तिपाई कुठं लावायची. मग फोन माझ्यापुढं धरला. समुद्राचं पाणी कधी चढणार आणि कधी उतरणार, हे आता फोनवर दिसतं. "मावळतीला ओहोटी असेल असा दिवस काढलाय," ती म्हणाली. मी चष्मा पुसून त्या वर-खाली जाणाऱ्या रेघेकडे बघत राहिलो. एवढंच कळायला हवं होतं त्या वेळी, मला आणि तिच्या बापाला.

मी जाणत्या माणसासारखा बोलत होतो. खाऱ्या वाऱ्यानं काच लगेच धुरकट होते, मऊ सुती फडकी भरपूर घे म्हणालो. तळ गुळगुळीत झालेली चप्पल चालायची नाही म्हणालो.

"फोटोत माणूस पाहिजे ना, काका? नुसता कातळ घेतला तर तो केवढा हे कळतच नाही. आईला उभं करणार आहे. बाबा होते तिथंच."

"नको."

ती हसली. "भिऊ नका हो. आम्ही बाबांसारखा हट्ट करणार नाही. पाणी बघून उतरू."

बाप उंच होता किंवा त्याला दोडका आवडायचा नाही, असं सांगावं तितक्या सहज तिनं हे सांगितलं. तिच्या मनात काही नव्हतं. तिला हे लहानपणापासून असंच माहीत आहे, आणि ते मी सांगितलेलं आहे.

तिचा बाप हट्टी नव्हता. सिरसाळ्याहून परळीला काळी-पिवळी जीप चालवायचा आणि त्याच्या सावधपणाची सगळा रस्ता थट्टा करायचा. ओढ्याला पाणी आलं की हा जीप थांबवून खाली उतरायचा, पायजमा वर खोचून स्वतः पलीकडे जाऊन यायचा, मग गाडी घालायचा. मागून पोरं ओरडायची, "ओ ड्रायव्हर, पोहायला आलात का?" तरी तो उतरायचाच.

बसस्टँडसमोर माझा फोटो स्टुडिओ होता. ऊसतोडीला जायच्या आधी जोडपी फोटो काढून घ्यायला यायची. मागं रंगवलेला पडदा, त्यात निळा समुद्र, नारळाची झाडं. मी त्या पडद्यापुढं शेकडो माणसं उभी केली, पण समुद्र पाहिला नव्हता. पस्तिशीला आल्यावर खूळ डोक्यात शिरलं की जिल्ह्याच्या प्रदर्शनात खऱ्या समुद्राचा फोटो लावायचा. मित्राला म्हणालो, जीप काढ. तो म्हणाला, "डिझेल तुझं, जेवण तुझं, आन् बायकोला तूच सांग." त्याच्या बायकोला मीच सांगितलं.

दोघंच गेलो. दुपारी पोचलो. कातळाच्या वर एक चहाची टपरी होती. टपरीवाल्या म्हाताऱ्या बाईनं कॅमेरा पाहिला आणि म्हणाली, "भरती लागली हां आता. खाली उतरू नका."

आमच्याकडे भरती म्हणजे पोलिसाची, नाहीतर मिलिटरीची. पहाटे रस्त्यानं पळणारी पोरं. मित्र मला कोपर मारून म्हणाला, "भरती लागली म्हणं बे. फॉर्म टाकायचा का? छाती फुगंल का तुझी?" आम्ही दोघं इतके हसलो की चहा सांडला. शाळेच्या भूगोलात हा शब्द आम्ही शिकलो होतो. भरती, ओहोटी, चंद्र. पण परीक्षा झाली तशी ती भरती संपली होती.

खाली उतरायला कातळातच पायऱ्यांसारख्या खाचा होत्या. शेवटी कातळाचीच एक सपाट फळी समुद्रात गेलेली. तिच्यामागच्या उभ्या कातळावर आमच्या डोक्याच्या वर ओली रेघ होती. ती त्यानंच मला दाखवली. "हितं पाणी येत आसतंय बे. त्या मावशी काय म्हणत व्हत्या? चल वर."

मी त्याला म्हणालो, "आरं, ते पाणी उतरलंय. दिसंना का तुला? रेघ वर हाय आन् पाणी खाली."

आमच्या तलावाच्या भिंतीवर ओली रेघ दिसली की पाणी उतरलं असंच आम्ही म्हणतो, आणि ते खरं असतं. उतरलेलं पाणी पुढच्या पावसाळ्यापर्यंत वर येत नाही. गुरं निर्धास्त खाली नेतात, गाळात काकड्या लावतात. पाणी सकाळी उतरतं आणि संध्याकाळी त्याच रेघेवर येतं, हे माझ्या बुद्धीला माहीत असेल, पण अंगाला माहीत नव्हतं. त्याच्या अंगाला ते कळलं होतं, निदान शंका होती. मी ती मोडून काढली. एवढ्या लांब येऊन घाबरतो का, असंही म्हणालो. तो गेला आणि फळीवर उभा राहिला.

मी वरच्या खाचेत होतो. तो कॅमेऱ्यात मोठा दिसत होता, मला तो लहान हवा होता. मी म्हणालो, थोडं मागं. तो सरला. अजून थोडं. तो सरला आणि म्हणाला, "आजून?" मी हातानं खूण केली. मग लाट आली, आणि ती परत गेली तेव्हा फळी रिकामी होती.

मी ओरडत वर पळालो. टपरीवाली बाई धावत आली आणि माझ्यावर खेकसली, "सांगितलं होतं ना? सांगितलं होतं ना मी?" आणि माझ्या तोंडून निघालं, "मी नको नको म्हणत होतो. त्यानं ऐकलंच नाही."

विचार करून बोललो नव्हतो. मार चुकवायला हात वर जातो तसं ते वाक्य आलं. मग तेच पोलिसांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कोळ्यांनी त्याला खाडीच्या तोंडाशी काढलं, तेव्हा तिथल्या माणसांना तेच सांगितलं. आम्हाला परत नेणारा ड्रायव्हर येईपर्यंत मी जीपमागं उभा राहिलो, कॅमेऱ्यातला रोल ओढून काढला आणि सगळे फोटो जळेपर्यंत उन्हात धरला. सिरसाळ्याला पोचेपर्यंत ते वाक्य माझ्याच कानाला खरं वाटायला लागलं होतं.

नंतर मला काही करावंच लागलं नाही. खोट्याला साक्षीदार आपोआप मिळत गेले. जी पोरं त्याला भित्रा म्हणायची तीच म्हणू लागली, हट्टीच होता, एकदा कशी भर पाण्यात जीप घातली होती. कुणी घातली होती? पण आता ते सगळ्यांना आठवत होतं. त्याची मुलगी लहानपणी जेवायला रुसली की बायका म्हणायच्या, बापावर गेली. मी तिथंच बसलेलो असायचो.

फक्त माझा मित्र माझ्या कामातून गेला नाही. लग्नात वऱ्हाड ओळीत उभं करताना मी कुणालाही मागं सरा म्हणेनासा झालो. मीच मागं सरायचो. खुर्च्यांवर आपटायचो, एकदा मांडवाच्या दोरीत अडकून पडलो. लोक हसायचे. डार्करूमच्या लाल उजेडात कागद औषधाच्या पाण्यात हलवताना चेहरा उमटायच्या आधी पांढऱ्यावर एक करडा डाग यायचा, आणि दर वेळी वाटायचं की हा तोच, लांब उभा. मागून कुणीतरी हलक्या आवाजात विचारायचं, "आजून?" मी दिवा लावून टाकायचो. कितीतरी कागद असे वाया घालवले. स्टुडिओ बंद करून गाळा मोबाइलवाल्याला दिला, पण उन्हाळ्यात कूलरचं पाणी जाळीवर आपटतं आणि मी अजूनही बाज भिंतीकडे ओढून घेतो.

मुलगी आली त्या दिवशी मी तिला काही सांगितलं नाही. तिनं चहा घेतला, पाया पडली आणि गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. वहिनी ओसरीवर सुपात ज्वारी निवडत होत्या. मुलगी बॅग भरत होती.

"या भाऊजी. चहा टाकते."

"चहा नको."

"कावून? साखर वाढली का काय?"

"बसा, वहिनी. मला सांगायचंय काहीतरी."

मी सांगितलं. वर लिहिलं आहे तसं, ओल्या रेघेपासून. वहिनींचा हात सुपात फिरत होता, तो मध्येच थांबला. मुलगी दारात उभी होती.

"म्हणजे ते वर चल म्हणत होते?" तिनं विचारलं.

"हो."

"आणि तुम्ही उभं केलं."

"हो."

मग वहिनी माझ्याकडे न बघता बोलू लागल्या. "मी त्यान्ला लई बोलले, भाऊजी. फोटोपुढं उभी ऱ्हाऊन बोलले. ही तापानं फणफणली तवा बोलले. हिच्या लग्नात बोलले, तुमच्या हट्टापायी कन्यादान दिराला करावं लागलं म्हणून. दर पितराला पान वाढते आन् वर दोन शब्द ऐकवते. आता ते सगळं माघारी कसं घेऊ? सांगा की."

वहिनींनी सूप बाजूला सारलं. "मला सांगितलंत. गावाला कोण सांगंल?"

"मी सांगतो. आजच सांगतो."

"तोंडी न्हाई. तोंडी तुमी एकदा सांगितलंय. लिहा. कुणीबी वाचंल आसं लिहा."

मी बरं म्हणालो आणि उठलो. मुलगी दारातून हलली नाही.

"आम्ही ठरल्या दिवशी जाणार," ती म्हणाली. "तुम्ही येऊ नका."

"नाही येत."

"एकच सांगा. त्यांचं तोंड कुणीकडे होतं?"

"माझ्याकडं."

"म्हणजे पाठ समुद्राकडे. त्यांना लाट दिसलीच नाही."

"नाही."

शाळेत पोराला विचारतात तशा सरळ आवाजात तिनं विचारलं, "तुम्हाला दिसली होती?"

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांच्या घरी येताना सगळं सांगायचं ठरवलं होतं, त्यातही हे नव्हतं.

"दिसली," मी म्हणालो. "लांबून उठताना दिसली. मला वाटलं, ती त्याच्यामागं फुटली की फोटो चांगला येईल. म्हणून हाक मारली नाही. थांबलो, आणि बटण दाबलं."

मुलगी आत निघून गेली. आतून बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. वहिनींनी सूप परत मांडीवर ओढलं. त्यांचा आवाज चढला नव्हता.

"हे बी लिहा," त्या म्हणाल्या.